सुगंधी तेलं कशात ठेवायची? बाटलीच्या रंगाआधी झाकण बघा

रोशागवत
साताऱ्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आमचं छोटं डिस्टिलेशन युनिट आहे. मुख्यतः जिरेनियम, सोबत गवती चहा आणि थोडं रोशा गवत. बहुतेक माल मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे जातो. थोडं तेल मात्र पुण्या-नाशिकचे साबण करणारे आणि घरगुती ग्राहक थेट आमच्याकडून नेतात. काही महिन्यांनी त्यातल्या कुणाचा तरी फोन येतो, 'वास बदललाय, तेल चिकट झालंय, भेसळ आहे का?' बाटली कुठे ठेवली होती असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर, न्हाणीघरात, देवघरात निरांजनाशेजारी, नाहीतर गाडीत. एक टन जिरेनियमच्या पाल्यातून जेमतेम किलोभर तेल निघतं. ते असं वाया गेलेलं बघवत नाही, म्हणून हा धागा.

सगळे पहिला प्रश्न बाटलीच्या रंगाचा विचारतात. तपकिरी काच हवीच, त्यात वाद नाही. ती ४५० नॅनोमीटरच्या खालचा बराचसा प्रकाश अडवते, आणि तेल बिघडवण्यात हाच भाग पुढे असतो. निळी काच दिसायला सुंदर, पण प्रकाश अडवण्यात तपकिरीच्या मागे. मात्र बंद कपाटात ठेवलेली पारदर्शक काचेची, पूर्ण भरलेली, घट्ट बुचाची बाटली ही अर्ध्या रिकाम्या, सैल झाकणाच्या तपकिरी बाटलीपेक्षा कितीतरी चांगली. तेलाचा खरा शत्रू हवेतला ऑक्सिजन आहे. प्रकाश आणि उष्णता त्याला हात देतात.

बाटलीत तेलाच्या वर जी मोकळी जागा असते, तिथला ऑक्सिजन तेलात मुरतो आणि लिमोनीन (संत्र्या-लिंबाच्या तेलातलं), लिनालूल (लॅव्हेंडरमधलं) यांसारख्या घटकांपासून हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडला जाऊन बनलेली बिघडलेली संयुगं, तयार होतात. झाकण उघडलं की जुनी हवा जाते आणि ताजी आत येते, म्हणजे ऑक्सिजनचा पुरवठा परत पहिल्यासारखा. शंभर मिलीच्या बाटलीत दहा मिली तेल उरलं असेल तर नव्वद मिली हवा त्या दहा मिलीवर काम करत बसते. म्हणून आमचं एकच सांगणं असतं: तेल संपत जाईल तशी बाटली लहान करत जा. शंभरची निम्मी झाली की पन्नासच्या बाटलीत ओता, पुढे तीसच्या, मग दहाच्या. रोजच्या वापराला दहा मिलीची वेगळी बाटली ठेवा आणि मोठी बाटली उठसूट उघडू नका.

एक काळजी मात्र घ्या. बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नका. ही तेलं एका अंशाला ढोबळमानाने हजारात एक भाग प्रसरण पावतात. हिवाळ्याच्या पहाटे २० अंशांना भरलेलं शंभर मिली तेल एप्रिलच्या दुपारी ४५ अंशांना अडीच मिली वाढतं. जागा नसेल तर ते बुचातून झिरपतं, कधी काचही तडकते. पाच टक्के जागा सोडली की पुरते.

सोनचाफा
फार उपयोगी, धन्यवाद. मी साबण आणि लिप बाम करते. ऑनलाइन मागवलेल्या तपकिरी बाटल्यांच्या झाकणातच काचेचा ड्रॉपर आणि वर काळा रबरी फुगा आहे. थेंब मोजायला सोयीचं पडतं. पण संत्र्याच्या तेलाच्या बाटलीवरचा फुगा चिकट होऊन फुगला आहे आणि तेलात काळपट कण दिसतात. बाटलीचा दोष की तेलाचा?

मोलर
सोनचाफा, दोघांचाही नाही, दोष त्या जोडीचा आहे. मी सुगंधी रसायनांच्या गुणवत्ता तपासणीत काम करतो, हा प्रकार नेहमी बघतो. घरी एक प्रयोग करा. फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ नारंगीची साल दुमडून तिचा फवारा उडवा. फुगा फटकन फुटतो, कारण सालीतलं लिमोनीन रबर विरघळवतं. बाटलीतलं संत्र्याचं तेल तर बहुतांशी लिमोनीनच आहे आणि त्याची वाफ चोवीस तास त्या फुग्याला लागते आहे. रबरातले घटक तेलात उतरतात, फुगा सैल होतो, मग हवा आत येते. ते तेल लिप बाममध्ये वापरू नका.

ड्रॉपर वेगळा ठेवा, लागेल तेव्हाच वापरा, धुऊन पूर्ण वाळवा. साठवणीसाठी बाटलीच्या गळ्यात बसणारी थेंब पाडणारी प्लास्टिकची खुंटी आणि त्यावर आट्याचं झाकण घ्या. १८ मिमी गळ्याच्या १० मिली बाटल्यांवर हेच येतं. दीर्घ साठवणीसाठी खुंटीही नको. काळं कडक फिनोलिक झाकण आणि आत शंकूसारखं अस्तर, किंवा टेफ्लॉनचा थर असलेली चकती. पुठ्ठ्याची चकती तेल पिते आणि महिन्याभरात मऊ पडते. सिलिकॉनवर लोकांचा फार विश्वास असतो, पण संत्रं, लिंबू, चीड (पाइन), टर्पेंटाइन यांसारख्या तेलांत सिलिकॉनही फुगतं.

प्लास्टिकचं थोडक्यात. पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी अजिबात नको. थर्मोकोलच्या तुकड्यावर लिंबाचं तेल टाकून बघा, डोळ्यांदेखत खळगा पडतो. साध्या एचडीपीईच्या (दुधाळ, जाड प्लास्टिकच्या) बाटलीतून लिमोनीन भिंतीतून हळूहळू बाहेर पडतं आणि बाटलीच्या कडा आत ओढल्या जातात. प्रवासापुरती चालेल, साठवणीला नाही. खोबरेल किंवा बदाम तेलात दोन-तीन टक्के सुगंधी तेल मिसळून मालिशचं तेल केलं असेल, तर ते पीईटी प्लास्टिकच्या (पाण्याच्या बाटल्या असतात त्या) बाटलीत राहू शकतं. तिथे जोर खूपच कमी होतो.

टेकडीवरचा
थोडा वेगळा अनुभव. आमच्या घरी निलगिरीच्या तेलाची काचेची बाटली वर्षानुवर्षं कपाटात आहे. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब, वाफाऱ्याच्या पाण्यात एक. वास तसाच आहे, काही झालेलं नाही. मग एवढ्या बाटल्या बदलत बसणं खरंच गरजेचं आहे का?

मोलर
चांगला मुद्दा. निलगिरीत प्रामुख्याने सिनिऑल असतं आणि त्याच्या रेणूत ऑक्सिजनला सहज पकडायला मिळेल असा दुहेरी बंध नाही. म्हणून ते टिकतं. सगळी तेलं एका मापाने मोजता येत नाहीत, हे तुमच्या बाटलीवरून चांगलं दिसतं. लिंबू, संत्रं, चीड (पाइन), टी ट्री ही चंचल मंडळी. नीट ठेवली तरी उघडल्यावर वर्ष-दीड वर्षात संपवावीत. लॅव्हेंडर, जिरेनियम थोडी जास्त टिकतात. वाळा, पॅचोली, चंदन ही जड तेलं वर्षानुवर्षं राहतात, त्यांचा वास मुरून आणखी गोल होतो.

टी ट्रीबद्दल विशेष सांगतो, कारण लोक ते मुरुमांवर थेट लावतात. जुन्या टी ट्रीमध्ये मूळचे टर्पिनीन घटक कमी होतात, पॅरा-सायमीन वाढतं, अॅस्कॅरिडॉलसारखी संयुगं तयार होतात. ताजं तेल ज्यांना सोसतं त्यांनाही अशा तेलाने पुरळ उठू शकतं. लॅव्हेंडरचंही तसंच. शुद्ध लिनालूल त्वचेला फारसं त्रासदायक नाही, हवेत राहून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड झाले की मात्र ते अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांत मोडतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था इफ्रा हिच्या मानकात लिमोनीन किंवा लिनालूल भरपूर असलेल्या मालात पेरॉक्साइड लिटरला २० मिलिमोलच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि त्यासाठी ०.१ टक्का बीएचटी किंवा टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, असं ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य घालण्याची शिफारस आहे. उत्पादन झाल्या झाल्या घालायचं. बिघडलेलं तेल त्याने सुधारत नाही.

बालवैद्य
टेकडीवरचा, तुमच्या निलगिरीच्या बाटलीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून वाचा. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. वर सगळ्यांनी तेल कसं वाचवायचं ते लिहिलं, मला मूल कसं वाचवायचं ते लिहायचं आहे.

निलगिरीचं तेल लहान मुलाने घोटभर प्यायलं तर गुंगी, उलट्या, झटके येऊ शकतात. कापूर घातलेली तेलं त्याहून भयंकर. झटके काही मिनिटांत सुरू होऊ शकतात. आणि सांधेदुखीसाठी घरोघरी असतं ते गंधपुरा तेल. त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, गंधपुरा म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या सुमारे एकवीस अॅस्पिरिन गोळ्या. लहान मुलाचा जीव जायला एवढं पुरतं. ही बाटली बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या उशाशी, मुलाच्या हाताच्या उंचीवर असते.

त्यामुळे डब्याचा विचार करताना दाबून फिरवायचं, मुलांना न उघडणारं झाकण मागा, मिळतं. वर मोलर यांनी सांगितलेली थेंब पाडणारी खुंटी इथेही उपयोगाची आहे; मुलाने बाटली तोंडाला लावली तरी घोट जात नाही, थेंब पडतात. तेल कधीही सरबताच्या, औषधाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कफ सिरपची रिकामी बाटली तपकिरी असते म्हणून लोक वापरतात. घरातली दुसरी व्यक्ती रात्री अंधारात त्यातलंच चमचाभर मुलाला पाजते.

चुकून प्यायलं गेलंच तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं, पण झटके येत असतील तर फोन करत बसू नका, निघा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला कापूर, निलगिरी, पुदिन्याचं तेल लावू नका. आणि घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या अंगाला, बिछान्याला लागू देऊ नका. तिचं यकृत ते पचवू शकत नाही.

टेकडीवरचा
डॉक्टर, मनापासून आभार. घरी नातू रांगतो आहे. बाटली आजच वरच्या कुलपाच्या कपाटात जाते.

कोकणमेवा
आम्ही दापोलीकडे. 'कोकण तेज' जातीच्या दालचिनीची झाडं आहेत, १९९२ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली जात. साल विकली जाते, आणि छाटणीच्या पाल्याचं तेल काढतो. पानांच्या तेलात युजेनॉल जास्त, लवंगेसारखा वास. ते लोखंडाला लागलं की काळं पडतं. पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं तेल जांभळट-काळं झालेलं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गाळणी, नरसाळंसुद्धा स्टीलचं किंवा काचेचं पाहिजे. लवंग तेलाचंही हेच. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असतं, त्याला हवा लागली की सिनॅमिक आम्ल होतं आणि कधीकधी तळाशी खडे दिसतात.

पावसाळ्याचं वेगळं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. फ्रिजमधून बाटली काढून लगेच उघडली की आत पाणी धरतं, तेल गढूळ होतं. बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची. लेबलही सुटतं आणि तेलाचा थेंब लागला की शाईच पुसते. आम्ही पेन्सिलने लिहून वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळतो. नाव, झाडाचं शास्त्रीय नाव, काढल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख. ही चौथी नोंद कुणी करत नाही, तीच सगळ्यात कामाची.

सोनचाफा
फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणजे बाकीच्या अन्नाला वास लागणार नाही का? माझ्या सासूबाईंनी ताकीद दिली आहे, लोण्याला लॅव्हेंडरचा वास आला तर फ्रिज वेगळा घे.

कोकणमेवा
सासूबाई बरोबर आहेत, लोणी वास ओढून घेतं. बाटल्या घट्ट लावून रबर पट्टी असलेल्या काचेच्या बरणीत एकत्र घालायच्या आणि बरणी दरवाजात न ठेवता मागच्या कप्प्यात. दरवाजा सारखा उघडतो, तिथलं तापमान हलत राहतं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे थंडीत तळघर चांगलंच गार होतं आणि मराठी मंडळातल्या एका काकूंनी बडीशेपेच्या तेलाची बाटली गोठली म्हणून टाकून दिली. तेल खराब झालं नव्हतं. बडीशेप, स्टार अॅनिसमधलं अॅनेथॉल वीस अंशांच्या आसपासच घट्ट होतं. गुलाबाचं खरं तेलही गारव्यात घट्ट होतं, त्यात मेणासारखे घटक असतात, तेच गोठतात. जपानी पुदिन्याच्या तेलात तर गार केल्यावर मेंथॉलचे स्फटिक येतात, उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथॉल तसंच काढतात. बाटली बंद ठेवून हातात धरा किंवा कोमट पाण्यात उभी करा, आणि नीट हलवून एकजीव झाल्यावरच वापरा. नाहीतर वरचा पातळ भाग आधी संपतो आणि खाली वेगळंच तेल उरतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

मोलर
मायक्रोवेव्हवरून आगीचं सांगायला हवं. लिंबू-संत्रं आणि निलगिरी या तेलांचा ज्वलनांक ५० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तेवढं तापलं की वर पेटती काडी धरल्यास वाफ भडकते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. उन्हात बंद गाडीच्या आत तो साठ अंशही गाठतो. देवघरात निरांजनाशेजारी बाटली ठेवण्याचं रोशागवत यांनी लिहिलं आहे, ते वासापेक्षा आगीच्या दृष्टीने जास्त वाईट. सांडलं तर माती किंवा वाळू टाकून टिपा, आधी गॅस बंद करा, पंख्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा.

माळरानातला
मी सोलापूरकडचा, पहिल्या वर्षाचं गवती चहाचं तेल आहे. दर पडले म्हणून विकलं नाही, सुमारे चाळीस किलो ठेवायचं आहे. दुधाच्या स्टीलच्या किटल्या घरात आहेत. चालतील का? गावातले लोक प्लास्टिकचा निळा ड्रम घे म्हणतात.

रोशागवत
दादा, निळा ड्रम घेऊ नका, आणि एकदम चाळीस किलो एका भांड्यात तर नकोच. गवती चहाच्या तेलात सिट्रल ७०-८० टक्के असतं. सिट्रलचं प्रमाण हाच त्याचा दर, आणि हवेत ते हळूहळू कमी होऊन तेल घट्ट होत जातं. दुधाच्या किटलीचं स्टील चांगलं, अडचण तिच्या झाकणाची. ते हवाबंद नसतं आणि रबरी वायसर हे तेल खाऊन टाकतं. आतून लॅकरचं अस्तर असलेले अॅल्युमिनियमचे पाच किंवा दहा किलोचे कॅन घ्या, म्हणजे विकायला एक उघडला तर बाकीचे सीलबंद राहतात. पोचा पडलेला कॅन घेऊ नका, पोच्यात अस्तर तडकतं. एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) टेफ्लॉन चकतीचा कॅन मिळाला तर उत्तमच.

भरायच्या आधी पाणी काढणं सगळ्यात महत्त्वाचं. सेपरेटरमधून (तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून) आलेलं तेल स्वच्छ दिसलं तरी त्यात पाणी विरघळलेलं असतं. एक-दोन दिवस झाकून स्थिर ठेवा, तळाचं पाणी काढा. मग निर्जल सोडियम सल्फेट (पाणी शोषणारी पावडर) घाला, हलवा. पावडरीचे गोळे व्हायचे थांबले आणि काही दाणे सुटे फिरू लागले की तेल कोरडं झालं. नंतर गाळून भरा. झाकण लावण्याआधी शक्य असेल तर वरच्या जागेत नायट्रोजन सोडा. जवळ सिलिंडर नसेल तर फक्त नीट भरा, तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. खोली उत्तरेकडची, पत्र्याखाली नसलेली.

आणि भरतानाच प्रत्येक कॅनमधून दहा-दहा मिली नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत काढून ठेवा. व्यापारी सहा महिन्यांनी 'सिट्रल कमी' म्हणाला तर मूळ काय होतं ते दाखवता येतं. लखनौचं सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) आणि १९९१ साली सुरू झालेलं कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांसाठी काम करतात, तिथे विचारणा करा.

मोलर
एका गोष्टीत रोशागवत यांचं मत वेगळं असेल. ताजं काढलेलं जिरेनियम लगेच सील करणं मला पटतं, पण युनिटवाले बरेचदा दोन-चार दिवस झाकण सैल ठेवतात.

रोशागवत
हो, आम्ही ठेवतो, आणि त्याला कारण आहे. ताज्या जिरेनियममध्ये डायमिथाइल सल्फाइड असतं, उकडलेल्या भाजीसारखा वास. तो उडून गेल्याशिवाय गुलाबी वास वर येत नाही. स्वच्छ सुती कापड बांधून, अंधाऱ्या गार खोलीत, फक्त त्या वासापुरतं ठेवायचं आणि रोज वास घेऊन बघायचं. वास गेला त्याच दिवशी भरून बंद. यात आळस केला तर तुमचं म्हणणं खरं ठरतं. कन्नौजचे अत्तरवाले चामड्याच्या कुप्प्या वापरत आले, त्यातही हेतू निवडकच असतो: ओलावा बाहेर जावा, तेल आत राहावं. पण ते चंदनाच्या बैठकीवरचं अत्तर, जड आणि टिकाऊ. लिंबाचं तेल कुणी कुप्पीत भरू नये.

सोनचाफा
शेवटचे दोन प्रश्न. रिकाम्या बाटल्या परत वापरल्या तर चालतात? आणि माझ्याकडचं ते बिघडलेलं संत्र्याचं तेल कुठे टाकू?

मोलर
बाटली काचेची असेल तर जरूर वापरा. आधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने विसळणं, मग तोंड खाली करून पूर्ण वाळवणं. आत पाण्याचा एक थेंबही नको. झाकण आणि खुंटी नेहमी नवी, त्यांत जुना वास मुरलेला असतो. दहा-वीस बाटल्या हव्या असतील तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत शंकू-अस्तराची झाकणं विचारून बघा.

बिघडलेलं तेल मोरीत ओतू नका. फरशी पुसायलाही वापरू नका, त्यातले पेरॉक्साइड हाताला लागतातच. हातमोजे घालून ते कोरड्या मातीत किंवा वाळूत मुरवा, झाकणाच्या डब्यात बंद करा आणि घरगुती घातक कचऱ्यात, रंगाचे डबे आणि जुन्या सेलसोबत द्या. टिपलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका, एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवा.

माळरानातला
रोशागवत, कॅन ठरवले, पाच किलोचे आठ. सोडियम सल्फेट किती घालायचं किलोला?

रोशागवत
आधी तळाचं पाणी नीट काढा, मग किलोला वीस-तीस ग्रॅमपासून सुरुवात करा. सगळ्याचे गोळे झाले तर आणखी थोडं. दाणे सुटे फिरले की थांबा. आणि कॅन आठ नको, दहा घ्या. पाच टक्के जागा सोडायची आहे, शिवाय गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, पाच लिटरच्या कॅनमध्ये पाच किलो मावणार नाही.